शोकेसमधले पणजोबा

इंदुरात सुदामा नगरात राहणाऱ्या माझ्या काकांच्या शोकेसमध्ये चिनी मातीचा एक म्हातारा उभा आहे. टक्कल, फुगलेलं कपाळ, पांढरी दाढी आणि हातात काहीतरी गोल. काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, हे आमचे पणजोबा. दरबारानं त्यांची मूर्ती खास चीनहून घडवून आणली, आणि हातात सरकारांनी दिलेला लाडू आहे. पणजोबा दरबारात कारकून होते. कारकुनाच्या टकलासाठी कोणता दरबार चीनला माणूस धाडतो? पण पणजोबांचा फोटो घरात नाही, म्हणून पितृपक्षात या म्हाताऱ्यालाच पाटावर ठेवून गंध लावतात आणि त्याच्यापुढे खीर-वड्यांचं पान वाढतात.

यंदा मला राहवलं नाही. मी काकांना मोबाइलवर हुबेहूब तसाच म्हातारा दाखवला. म्हटलं, हा चिन्यांचा दीर्घायुष्याचा देव आहे, हातात लाडू नाही, अमरत्वाचं पीच आहे, आणि असे ढिगानं बनवून ते जहाजांतून परदेशी विकायचे. काका पोह्यांवर शेव भुरभुरत म्हणाले, "अरे भिया, छोड ना! चीनमध्ये असेल देव. इंदुरात ते पणजोबाच."

पुढच्याच महिन्यात काकांची पंचाहत्तरी आली. आयुष्य वाढावं म्हणून सगळ्यांना गाडीत कोंबून ते मृत्युंजयाचा जप करवायला उज्जैनला गेले. आयुष्य वाढवणं हे ज्याचं कामच आहे, तो म्हातारा घरी शोकेसमध्ये कुलूपबंद होता, कपाळावर आमच्या श्राद्धाचं वाळलेलं गंध घेऊन.