हथाईची शेवटची पट्टी

सुलोचनाबाईच्या डोक्यात एकदा आलं की आलं. मग बाबा, रेल्वेचं इंजिन माघारी फिरेल, ही बाई फिरायची नाही! अकोल्याकडची लेक. नवरा दशरथ रेल्वेच्या रुळांवर गँगमन. बदल्या होत होत संसार येऊन पडला जयपूरच्या पलीकडे, रुळाकाठच्या एका खेड्यात. क्वार्टर म्हणजे एक खोली अन् पुढं पडवी. त्यात शहाऐंशीच्या उन्हाळ्यात थोरल्या सुमनचं लग्न ठरलं. अकोल्याहून वऱ्हाड येणार, त्याला बसवायचं कुठं? जयपुरात बनी पार्कातल्या हॉलचं भाडं ऐकून दशरथच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

सुलोचनाबाईचा डोळा होता गावच्या हथाईवर. हथाई म्हणजे तिकडची गावबैठक. पूर्वी तो नुसता लिंबाखालचा ओटा होता. तिथंच तंटे मिटायचे, सोयरिकी जुळायच्या, दुष्काळात धान्य वाटलं जायचं, अन् कुणी गेलं की सारं गाव तिथंच येऊन बसायचं. आता ओट्याभोवती भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि छतासाठी वर लांबलचक दगडी पट्ट्या चढत होत्या. एकेक पट्टी अशी, की नुसती बघूनच कंबर धरावी!

गावाचा नेम जुना, सरपंचाच्या आजोबापासूनचा: पट्टी चढवताना ज्या घराचा हात लागला, ते घर त्या छताखाली बसणार. ऐकायला किती गोड! पण हात लावायला बोलावणं कुणाला जायचं? नाल्यापलीकडच्या वस्तीला कधीच नाही. जन्मभर दगड फोडणारी ती माणसं. त्यांनी आपलं लांबून बघायचं. घ्या, हा मेल्यांचा न्याय!

सुलोचनाबाई थेट सरपंचाच्या दारात गेली.

“सरपंचजी, पोरीच्या लग्नाला हथाई पाहिजे.”

सरपंच तसा वाईट माणूस नव्हता. “तुम्ही परमुलखातले,” तो म्हणाला. “जात कोणती?”

“बौद्ध.”

हे उत्तर गावात नेमकं कुठं बसवावं ते सरपंचाला कळेना. त्यानं मिशीवरून हात फिरवला. “पण बाईजी, तुमचा हात कुठं लागलाय छताला?”

“एक पट्टी राह्यलीच ना अजून?”

सरपंच खो खो हसला. “मग या उचलायला!”

त्यानं थट्टा केली, हिनं शब्द धरला. घरी येऊन सांगितलं तर दशरथ उडालाच. “येडी झाली काय वं? मानसायचं काम हाय थे!”

“मंग मी काय म्हैस हाय?”

शेवटची पट्टी चढायच्या दिवशी बायका माळवदांवर जमल्या. पट्टीला दोर बांधलेले, खालून आडव्या लाकडी बल्ल्या घातलेल्या, अन् माणसं मातीच्या उतारावरून पाऊल पाऊल वर चाललेली. दशरथही खांदा द्यायला गेला होता. सरपंच स्वतः मागच्या टोकाला. अर्ध्यात पोचले आणि सरपंचाच्या पायाखालची माती सरकली. पट्टी कलली. खाली ठेवावी तर मागचे चिरडणार, वर न्यावी तर जोर संपलेला. नाल्यापलीकडची वस्ती बघत उभी होती. कुणी हाक मारेना, अन् हाकेवाचून त्यांनी यायची रीत नव्हती.

सुलोचनाबाई पदर खोचून धावली. बल्लीखाली खांदा घातला आणि ओरडली, “आवो, पाहून काय राह्यले! या ना इकडं! मानसं मरतीन!” घाईत मराठीच तोंडातून गेली. पण असल्या हाकेला भाषा कशाला लागते?

आधी धावली वस्तीतली जमनी डोकरी, तोंडात दात नसलेली. तिच्यामागून अख्खी वस्ती. हाताला हात भिडले. दशरथनं रूळ उचलताना देतात तशी आरोळी दिली, “जोर लगा के—”

“हैशा!”

आणि काय सांगावं बाई, पट्टी निघाली! कडेवरच्या लेकरासारखी वर निघाली. सुलोचनाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला कुणाचा हात कोणता ते दिसेना, आपला खांदा कुठं संपतो ते कळेना. एवढा धोंडा, अन् त्याचं ओझंच लागेना! तिचे डोळे आपोआप वाहायला लागले. पट्टी भिंतीवर बसली.

मग मागून कुणीतरी कुजबुजलं, “आता छत बाटलं.”

सरपंच मातीत बसून धापा टाकत होता. “मी पट्टीखाली होतो तेव्हा कुठं होतास रे?” तो म्हणाला. “हात लागलेत. नेम म्हणजे नेम.”

त्या छताखालचं पहिलं लग्न सुमनचं झालं. पांढऱ्या साडीतली पोर, समोर बुद्धाची अन् बाबासाहेबांची तसबीर, अकोल्याचे पाहुणे माना वर करकरून पट्ट्या बघतायत. वस्तीची माणसं उंबऱ्याशीच घुटमळली. जमनी मात्र आत आली, कितीतरी वेळ वर बघत राहिली आणि ऐन मध्यभागी बसली. मग बाकीचेही आले. हथाई गच्च भरली.

सरपंचाला यायला उशीर झाला. भली मोठी पगडी घालून तो दारात उभा राहिला आणि बसायला जागा शोधू लागला. जमनीनं घागरा आवरला, जराशी सरकली, शेजारची फरशी हातानं थोपटली.

“आवो सरपंचजी, बैठो. जगां घणी छै.” जागा पुष्कळ आहे म्हणे!

सरपंच पगडी सावरत तिच्या शेजारी खाली बसला.