चांगली दलदल कुठे मिळते?

नाशिकला येणारे पंचवटी बघतात, फार तर त्र्यंबकला जाऊन येतात. आम्ही दोन दिवस दलदली बघत हिंडलो, आणि बहुतेक नापसंत केल्या. कुणाला असली हौस असेल तर सांगून ठेवतो.

आम्ही म्हणजे तिघं. शैला माझ्याबरोबर रसायनशास्त्राला होती. ती एम.एस्सी. होऊन आता पुण्यात संशोधन करते. मी दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलं, कारण आमचे मास्तर म्हणायचे, उत्तर आधी लिहा, प्रयोग मग करा. आणि माझं डोकं फिरलं. दुसरे शैलाचे पुण्याचे सर; त्यांनी वाटेवरच्या पंचायतींना आधीच कार्डं टाकली होती. तिसरा मी, नाशिकचाच, मामाच्या जीपसकट. दलदलीच्या पाण्यात आणि तळच्या काळ्या थरात काय काय मुरलंय, ते शैलाला वर्षभर तपासायचं होतं. सरांनी बजावलं होतं, दोन दिवसांत नाशिकजवळ धड जागा मिळाली तर ठीक, नाहीतर काम कोकणातल्या खाडीवर. म्हणजे शैलाही वर्षभर तिकडेच. आता कळलं ना, मी जीप फुकट का काढली ते?

पहिला दिवस गंगापूरच्या अंगाला गेला. रस्ता झकास. पाणी आणि कमळं दिसली की मी ब्रेक मारायचो.

"विन्या, मला देखावा नकोय," शैला म्हणाली. "दलदलीची घाण तिची तिची हवी. बाहेरून आलेली नको."

पहिल्या जागी ट्रक धूत होते. दुसरीकडे म्हशी. तिसऱ्या डबक्यात उसाच्या शेतातलं खताचं पाणी उतरत होतं. संध्याकाळी सर कोकणातल्या माशांविषयी फार प्रेमाने बोलायला लागले. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे औरंगाबाद रोडने निफाड. स्टँडसमोर दीड रुपयात मिसळ मिळते. रस्सा जपून घ्या. पुढे द्राक्षबागांमधून गोदावरीकडे बैलगाडीची वाट आहे. एसटीने आलात तर तेवढं चालावं लागेल, पण थंडीत मजा येते.

आणि मग ती जागा. पुरुषभर उंच पाणकणीस, मध्ये काळंभोर पाणी, आमची चाहूल लागताच उठलेले बगळे. आम्ही पलीकडच्या काठावर लोखंडी पाइप ठोकला. वर ओढला तर आत हातभर काळा थर, वर्षानुवर्षं साचलेलं, अर्धवट कुजलेलं गवत.

"पीट, म्हणजे दलदलीतला कच्चा कोळसा, म्हणावं इतकं जुनं नाही," सर म्हणाले, "पण त्याच वाटेवर आहे."

शैलाचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. "हीच जागा!"

मी खुशीत प्यायचं पाणी आणायला गावात गेलो. पंचायतीतले अण्णा धावत सामोरे आले.

"या पाव्हणं! तुमच्या सरांचं कार्ड मिळालं, पानी तपासाया येनार म्हनून. परवाच दोन गोन्या पावडर टाकली. आता किडा नाय दिसायचा!"

"कुठे टाकली?"

"दलदलीत. हिरीत टाकतोच की दर साली, सायेब येनार असला म्हंजे."

"अहो, पण दलदलीत कुणी ब्लीचिंग पावडर टाकतं का?" मी ओरडलोच.

"वरडू नका," अण्णा शांतपणे म्हणाले. "पाव्हण्यांला वंगाळ पानी दाखवायचं व्हय? गावाची लाज काढता का?"

परत येताना मी हिशेब मांडला. पावडर पडली होती गावाकडच्या काठाला, आम्ही पलीकडे. मी गप्प बसलो असतो तर शैला वर्षभर इथेच. पण मग तिनेही प्रयोगाआधीच चुकीचं उत्तर लिहिल्यासारखं झालं असतं, आणि तेही माझ्या हाताने. भडाभडा सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला. "संपलं. चला कोकणात."

शैला हसत सुटली.

"सर, पावडर कधी पडली, किती, कुठे, सगळं माहीत आहे. इतकं नेमकं आपल्याला कोण सांगणार होतं? गावाकडचा काठ ती कशी पचवतो, ते बघू. हा काठ तुलनेला."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. "मग दर पंधरवड्याला नमुने लागतील. बाटल्या बर्फात घालून त्याच दिवशी पुण्याला. तू प्रयोगशाळा सोडून हलायचं नाहीस. भरून आणणार कोण?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

तर शैला ना कोकणात गेली, ना नाशकात राहिली. जिंकलो की हरलो, ते कळेना. तुम्ही गेलात तर बगळे जरूर बघा, फक्त आधी कार्ड पाठवू नका. मी आता महिन्यातून दोनदा जातो. अण्णा चहा पाजतात आणि दर वेळी हळूच विचारतात, "थोडीशी टाकू का?" मग बर्फाचा डबा मांडीवर घेऊन पुण्याची एसटी. कंडक्टरला वाटतं, मासे आहेत.

शैला स्टँडवर येते. आधी बाटल्या उजेडात धरून बघते, मग माझ्याकडे. परवा मात्र बाटली हातातच राहिली आणि तिने विचारलं, "जेवलास का?"