जिभेवर आलेलं ‘हो’

मी घरं दाखवायचं काम करते. बेंगळुरात आमच्या घराण्याची ही चौथी पिढी, त्यामुळं मल्लेश्वरमात लहानथोर सगळे मला अक्काच म्हणतात. घर दाखवणं सोपं हो, खरा घोर नंतरचा. बँक कर्जाला ‘हो’ म्हणेपर्यंत घेणाऱ्याला झोप नाही आणि मलाही नाही. त्या भाद्रपदात तर देवीपुढं बसले की डोळ्यांसमोर बँकेचा वकील यायचा. हात जोडलेले, पण ऐकणारं कुणी आहे का, अशी शंका मनात येऊन गेली. खोटं कशाला सांगू?

नेहा आणि तिचा नवरा, पुण्याकडची पोरं, एचएसआर लेआउटला भाड्यानं राहायची. नेहाला सातवा महिना. बाळ स्वतःच्या घरात यावं एवढीच तिची हौस. रंगण्णा म्हणून एका गृहस्थांचं जुनं, छोटं घर दोघांना आवडलं. नेहाच्या आईचे दागिने मोडून विसार दिला. गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसापर्यंत कर्ज मंजूर झालं नाही, तर विसार बुडणार, असं करारात होतं. आणि ऐन वेळी बँकेचा वकील म्हणाला, “घर रंगण्णांच्या वडिलांचं. मग वडिलांच्या मुलीची, म्हणजे यांच्या बहिणीची सही कुठंय?”

मुलगी! आमच्याकडच्या जुन्या माणसांचं हे असंच. वारस किती विचारलं की मुलगे मोजतात. लग्न करून दिलेली पोर त्यात येतच नाही. रंगण्णा मला ‘मी एकटाच’ म्हणाले होते. आता विचारलं तर म्हणतात, “ती मेली मला.”

“अण्णा, खरंच मेली असती तर तिच्या पोरांच्या सह्या लागल्या असत्या,” मी म्हटलं. “जिवंत आहे तेच बरंय. चला तिच्याकडं.”

ते काही उठले नाहीत. वडील गेल्यावर बहीणभावात बोलाचाली झाली होती, ती तशीच राहिलेली. बेंगळुराजवळच्या होसकोटेचा तिचा पत्ता तेवढा दिला. इकडं नेहाचा फोन, “मावशी, आईला काय सांगू मी?”

गौरीच्या आदल्या दिवशी एकटीच बसनं गेले. होसकोटेला रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, कुणाकडं? म्हटलं, पद्मक्कांकडं, त्यांच्या भावाच्या कामासाठी. त्यानं गर्रकन मान वळवली. “भावाकडून आलाय? मग बागिना कुठंय? हब्बाला माहेरचं माणूस रिकाम्या हातानं?” आमच्या कर्नाटकात गौरीच्या हब्बाला, म्हणजे सणाला, भाऊ बहिणीला सुपांची जोडी पाठवतो, आत हळद-कुंकू, बांगड्या, खण, डाळ-तांदूळ. तोच बागिना. मी म्हटलं, “बाबा रे, मला घाई आहे.” तो म्हणाला, “स्वल्प थांबा हो अक्का,” आणि रिक्षा थेट सुपांच्या दुकानापुढं उभी केली. चिडतच मी सगळं घेतलं.

पद्मक्कांनी दार उघडलं. साठीच्या असतील. माझ्याकडं बघितलंच नाही, नजर सुपांवर. आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, “अण्णानं पाठवला?”

‘हो’ म्हणायचं होतं फक्त. सही तिथंच झाली असती. नेहाचा चेहरा डोळ्यांपुढं होता, शब्द जिभेवर आलेला. आणि काय झालं मला कळत नाही, तो बाहेरच पडेना. जणू कुणी तोंडावर हात ठेवला होता. शेवटी निघालं ते भलतंच. “नाही हो. मीच घेतला. मला तुमची सही पाहिजे.”

संपलं सगळं, असं वाटून मी कट्ट्यावर बसले. मनात देवीला म्हटलं, आई, आता तूच बघ, मला काही येत नाही.

पद्मक्का उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, “वाटा मागायचा असता तर तेव्हाच कोर्टात गेले असते. त्यानं बागिना बंद केला, ते लागलं मला. त्याला सांगा, स्वतः येऊन दे म्हणावं.”

मी रंगण्णांना फोन लावला आणि घडलं तसं सांगितलं. रंगण्णांनी एवढंच विचारलं, “हिरव्या बांगड्या घेतल्यात ना? तिला हिरव्याच लागतात. येतो.”

दुपार कलता कलता ते आले. दारात घुटमळले. कट्ट्यावरची सुपं उचलली, बहिणीनं पदर पुढं केला. त्यांच्याकडं बघत ती म्हणाली, “म्हातारा झालास की रे.”

“आणि तू काय, पोरगी आहेस?”

सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी दोघं बहीणभाऊ जोडीनं नोंदणी कचेरीत आले, पद्मक्कांनी संमतीची सही केली आणि संध्याकाळी बँकेचा होकार आला. नेहा फोनवर नुसती रडत होती.

माझ्या हातून त्या दिवशी काही मोठं झालं नाही. मी तर खोटं बोलायलाच निघाले होते. माझा शब्द ज्या देवीनं अडवला तिलाच पुढचं दिसत होतं, एवढंच मला कळतं. काळजी अजूनही होते हो, या धंद्यात ती सुटायची नाही. पण आता अगदी काही सुचेनासं झालं की मी गप्प बसते आणि तिला बोलू देते.