पिलांची कोंबडी आणि स्वागताची कमान

दुष्काळ बघायला आलेल्या माणसाला तुमच्या गावात काय जेवू घालतात?

आमच्या गावात कोंबडी घातली. तीही पिलांची. मागं नऊ पिलं चिवचिवत असलेली कोंबडी कापून तिचा रस्सा साहेबांच्या ताटात वाढला आणि साहेबांनी तो भुरकत दुष्काळाची चौकशी केली.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. उस्मानाबादेतून वेगळे झालो म्हणून किल्लारीच्या बाजारात पेढे वाटले होते. पेढे खाल्ल्यावर लोक पाणी शोधत हिंडले. मी लहान होते तेव्हापासून माझ्या वडिलांनी या जिल्ह्यासाठी सायकलवरून पत्रकं वाटली होती. मी मुळाक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर आणि वाचायला शिकले ती त्यांच्या छापील बाजूवर. 'मागणी' हा शब्द मला 'मामा'च्या आधी वाचता येत होता. पत्रकात लिहिलं होतं की जिल्हा झाला की साहेब जवळ येतील. ते खरं ठरलं. साहेब इतके जवळ आले की जेवायलाच येऊ लागले.

माझे चुलते गावचे पुढारी. पाहणीचं पथक येणार कळल्यावर त्यांनी वेशीत बांबूची कमान उभी केली, तीवर लाल-पिवळं कापड ताणलं. जनावरांना कडबा नव्हता, पण कमानीला आंब्याच्या डहाळ्या होत्या. मग सरबराईचा प्रश्न निघाला आणि चुलत्यांची नजर आमच्या अंगणात फिरणाऱ्या कोंबड्यांवर गेली.

कोंबड्या आत्याच्या होत्या. आत्या चुलत्यांहून थोरली, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. घर भावांचं, चूल भावजयांची. तिची स्वतःची म्हणावी अशी चीज म्हणजे या कोंबड्या. अंडी विकून ती आपलं लुगडं-चोळी बघायची आणि भावापुढं हात पसरायची नाही. त्या उन्हाळ्यात जुन्या कोंबड्यांची अंडी बंद झाली होती. ही पिलं वाढली तर तिचं पुढचं साल निभणार होतं. नाहीतर भावजयांपुढं पदर पसरणं होतंच.

त्या दिवशी आत्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती आणि मी कॉलेजात होते. चुलत्यांनी कोंबडी धरायला माणूस लावला. बाकीच्या कोंबड्या गोठ्याच्या छपरावर पळाल्या. ही पिलांना सोडून पळेना, म्हणून हाती लागली. पिलांची कोंबडी कापू नये हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण पुढाऱ्याला साहेब दिसला की बाकीचं ठाऊक असलेलं विसरायला होतं.

आत्या परतली तेव्हा पिसं उकिरड्यावर होती आणि पिलं पाटीखाली ओरडत होती. चुलते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"पिलाची धरलीस?" आत्यानं विचारलं.

"आक्का, जिल्ह्याचे साहेब आले होते. गावाची इज्जत हाय का न्हाई?"

"हाय की. किती जणाला पुरली इज्जत? का रस्सा वाढवावा लागला?"

"दुसरी देतो आणून."

"कोंबडी आणशील. ह्यांची माय कुठल्या बाजारातून आणतूस?"

"कोंबडीच हाय ती. बाळंतीण असल्यावानी करायलीस."

"बाळंतीणच होती. तुला न्हाई कळायचं. तुला निस्ती निवडणूक कळती."

चुलते हसले. माझ्या डोक्यात मात्र त्या हसण्यानं जाळ झाला. पण जाळ होऊन पिलं जगत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटी उचलली तर मोठ्या कोंबड्या पिलांवर तुटून पडल्या. दाणा कमी, त्यात ही बिनमायेची पोरं. दोन पिलं डोक्यात टोचे बसून मेली. राहिली सात.

मी म्हटलं, यांना घरात कोनाड्यात ठेवू. आत्या म्हणाली, घरात वाढवली तर कळपाला ती कायमची परकी होतील. बाहेर सोडू त्या दिवशी मरतील. त्यांना कळपाच्या शेजारीच ठेवायचं, रोज एकमेकांना दिसतील असं, पण चोच पोचणार नाही असं. ते मला तेव्हाच पटलं. जवळ येण्याची खरी रीत ही आहे. आधी रोज डोळ्यांसमोर राहावं, मग ताटाचं बोलावं. आमच्या साहेबांनी ताटापासून सुरुवात केली होती.

खुराड्यासाठी सामान हवं होतं आणि घरात काही नव्हतं. गावात मात्र कमान होती. साहेब गेल्यापासून ती एका अंगावर कलली होती, डहाळ्या शेळ्यांनी खाल्ल्या होत्या. मी जाऊन तिचे बांबू सोडवले, कापड काढलं. चोरी म्हणायची तर म्हणा. कमान वर्गणीची होती आणि वर्गणी आमच्याही घरातून गेली होती.

मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागूनच, लिंबाच्या सावलीत, बांबूचे चार खुंट ठोकले. तुराट्या उभ्या बांधून कूड केला. फटी इतक्याच ठेवल्या की डोळा आरपार जावा, चोच जाऊ नये. वर काटक्या, त्यांवर स्वागताचं कापड, उडू नये म्हणून दगड. घारीला पिलं दिसेनात आणि उन्हाचा कडाकाही तुटला. भोवती बाभळीचे काटे रचले, मुंगसासाठी. खाली वडिलांची उरलेली पत्रकं अंथरली. चांगला जाड कागद होता, इतकी वर्षं पडून होता. आत एका खापरात पाणी, दुसऱ्यात ज्वारीच्या कण्या.

पंधरवड्यानं चुलते तणतणत आले. आणखी मोठे साहेब येणार होते.

"कमान कोणी मोडली?"

"मी," मी म्हटलं.

"जिल्हा काय म्हणेल?"

"जिल्ह्याला सांगा, कमान पिलांना लागली."

त्यांनी खुराड्याच्या बांबूला हात घातला तशी आत्या मधे आली. "हात लावून बघ. खडी फोडायचा हातोडा अजून माझ्याजवळ हाय."

"आक्का, मग साहेबाला काय दाखवू?"

"दुष्काळ दाखव. त्योच बघायला येतोय न्हवं? आन जेवायला हितं घेऊन ये. मी वाढते."

चुलत्यांना वाटलं, बहीण वरमली. त्यांनी साहेबांना खरंच आणलं. आत्यानं ताटात हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं वाढलं, जे आम्ही रोज प्यायचो. साहेबांनी ताटाकडं बघितलं आणि आज आपला उपवास असल्याचं सांगितलं. त्या दिवशी सोमवारही नव्हता. उठताना त्यांची नजर तुराट्यांच्या फटीतून आत गेली.

"पिलं छान आहेत हो."

"हाव," आत्या म्हणाली. "अजून लहान हायत. तुमच्या कामाची न्हाईत."

साहेब गाडीत बसेपर्यंत चुलते जमिनीकडं बघत होते. गाडी गेल्यावर खाली बसून ते ताटातलं माडगं स्वतः प्याले. त्यांच्याबद्दल मला एवढीच एक बरी गोष्ट सांगता येते.

पुढं कुडाच्या तळाशी आम्ही पिलापुरतं भोक पाडलं. पिलं बाहेर यायची, मोठीनं डोळे वटारले की आत पळायची. मोठीला त्या भोकातून आत जाता येईना. होता होता मोठ्यांनी त्यांचा नाद सोडला आणि पिलं त्यांच्याच बाजूनं उकिरडा उकरू लागली. सातही जगली. त्यांतल्या तलंगांची, नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची, अंडी विकून आत्यानं त्या साली स्वतःचं लुगडं घेतलं आणि पहिल्या दिवशी नेसून मुद्दाम चुलत्यांच्या ओट्यावरून गेली.

साहेब अजून येतात. पाऊस हुकला की गाड्या निघतात आणि गावोगाव कुणीतरी अंगणात कोंबडी शोधायला लागतो. पुढच्या वेळी तुमच्या गावात पाहणी येईल तेव्हा एवढं करा: त्या दिवशी तुमच्या चुलीवर जे असेल तेच त्यांच्या ताटात वाढा, आणि ते खाईपर्यंत समोरून उठू नका.