एक जूनची माणसं

माझा वाढदिवस एक जूनला असतो असं माझा पासपोर्ट म्हणतो, इथला जीपी डॉक्टर म्हणतो, आणि त्या दिवशी दाताच्या दवाखान्याकडूनसुद्धा मोबाइलवर शुभेच्छा येतात. सगळं खोटं. मी संक्रांतीची. आई तीळ भाजत होती आणि कळा सुरू झाल्या. तुझ्यापायी माझे तीळ करपले, हे तिने मला जन्मभर ऐकवलं. वडील मला शाळेत घालायला घेऊन गेले तेव्हा सहा पुरी व्हायला साडेसात महिने कमी पडत होते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, आणि एक जून लिहून मला तिथल्या तिथे मोठी करून टाकली. वर्गात निम्मी पोरं एक जूनचीच होती. त्या मास्तरांना मी आयुष्यभर नावं ठेवली. आईला विचारायला माणूस धाडला असता तर काय झिजले असते का?

इथे विलायतेत, वेम्बलीला आल्यावर तीस वर्षं मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात फॉर्म तपासले. तारीख नाही? परत. सही रकान्याबाहेर गेली? परत. समोरचा माणूस डोळ्यांत पाणी आणून बोलायचा आणि मी त्याला कोणतं पान राहिलंय ते दाखवायची. त्यामुळे रिटायर झाल्यावर आमच्या मंडळातल्या आठ-दहा जणांनी रायगडकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी मुलांसाठी पाळणाघराला मदत करायचं ठरवलं, तेव्हा इथल्या सरकारी निधीचे कागद आपोआप माझ्या गळ्यात पडले. "तुम्हाला सवय आहे ना!" म्हणे.

पाळणाघर म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन सतरंज्या, खिचडीचं पातेलं, रोजचं एक अंडं आणि एक ताई. ताई त्यांच्याच वाडीतली, बारावी झालेली. दिवाळीनंतर घरंच्या घरं भट्टीवर उतरतात आणि आई-बाप विटा पाडत असताना ही पोरं तिच्याकडे असतात. ताई नसली तर पोरं तिथेच, धुळीत आणि धुरात, आईच्या पायाशी.

आणि त्यासाठी फॉर्म केवढा? त्रेचाळीस पानं! हवामानबदलाचा तुमच्या प्रकल्पावर काय परिणाम होईल. तुमची एग्झिट स्ट्रॅटेजी काय. लाभार्थींचा फीडबॅक घेण्याची यंत्रणा सविस्तर लिहा. अहो, लाभार्थी दीड वर्षाचा आहे! अंडं खातो आणि गाजर थुंकतो, हा त्याचा फीडबॅक. पण मीही मुरलेली. "नियमित सहभागात्मक निरीक्षण" असं काहीतरी डोंबल लिहून दिलं आणि ते पास झालं.

अडलं ते मुलांच्या यादीवर. ऑक्टोबरात ग्लासगोच्या ऑफिसातून व्हिडिओ कॉल आला. मुलगी पंचविशीची, आडनाव आपलंच, जन्म तिकडचा. ती म्हणाली, सिस्टिमने तुमची फाइल फ्लॅग केली आहे. चौतीस मुलं आणि सगळी एक जूनला जन्मलेली, हे शक्यच नाही, यात फ्रॉड असू शकतो.

मी कप्पाळावर हात मारला. ताईने शाळेची रीत पाळली होती. अंदाजाने साल आणि पुढे एक जून. मी त्या मुलीला सगळं समजावलं, माझा पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला. ती खुदकन हसली. "आंटी, माझा आजी पण फर्स्ट जूनचा आहे! आम्ही केक कापतो."

"मग? कळलं ना तुला?"

"हो, मला कळला. पण सिस्टिमला नाही ना कळत."

आईने सांगितलेली तारीख आणि त्याखाली आईची सही किंवा अंगठा, प्रत्येक मुलासाठी, दहा दिवसांत. नाहीतर फाइल चौकशीला जाणार आणि यंदाचं पाळणाघर उघडणार नाही. पुन्हा वर, एक नोव्हेंबरला ज्याची पाच वर्षं पुरी झाली असतील त्याचं नाव यादीतून आपोआप उडणार. ती हे सगळं इतकं गोड बोलून सांगत होती की माझं डोकंच फिरलं. मग आठवलं, मीही गोडच बोलायची.

ताईला फोन लावला. म्हटलं, "अगं, ठोक कुठल्याही चौतीस तारखा. कोण बघायला येतंय?"

"मावशी, खोटं कशाला? आयांना विचारते की. मंडळी अजून वाडीवरच आहेत."

विचारता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जसं मास्तरांच्या आलं नव्हतं.

चार दिवसांत तिच्या वहीचे फोटो यायला लागले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलांच्या शिंगांचा रंग ओला होता. पहिली भट्टी पेटवली तो दिवस. होळीची लाकडं आणायला सगळे गेले आणि मी एकटीच होते. आजेसासूच्या तेराव्याला. बोटावर मतदानाची शाई होती. कोण म्हणतं यांना तारखा माहीत नाहीत? ईलिंग रोडवरच्या दुकानातून दरवर्षी आणलेली मराठी कॅलेंडरं मी कधी फेकत नाही; मुलगा त्यावरून चिडवतो. तो गठ्ठा काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले आणि एकेका आईचं बोलणं तारखेत बसवत गेले. जिथे नुसतं कॅलेंडर पुरलं नाही तिथे ताईने ग्रामपंचायतीत विचारून आणलं. मला रडू येत होतं आणि त्या त्रेचाळीस पानांचा राग येत होता, दोन्ही एकदम.

शेवटी एक मुलगी उरली. तिची आई म्हणाली होती, पाच वर्षांमागच्या दसऱ्याला, लोक सोनं वाटत फिरत होते तेव्हा. मी पाच वर्षांपूर्वीचं कॅलेंडर उघडलं. दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर. म्हणजे एक नोव्हेंबरला तिची पाच पुरी होऊन दोन-अडीच आठवडे झालेले. ताईच्या जुन्या यादीत ती त्याच्या पुढच्या सालच्या एक जूनची होती, साडेचारचीसुद्धा नाही.

"मावशी, हिचं काय करू?" ताईने फोनवर विचारलं. "हिचा भाऊ आठ महिन्यांचा आहे. ही नसली तर तिची आई त्यालाही पाठवत नाही. भट्टीवर हीच सांभाळते त्याला, आणि मधे मधे विटा पलटायला लावतात. शाळा इकडे वाडीला. भट्टीजवळ कुठली शाळा?"

तीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते, नियम नियम असतो, माझ्या हातात काही नाही. इथे सगळं माझ्याच हातात होतं.

"तिच्या आईचा अंगठा घेतलास?"

"घेतला. पण तारीख काय लिहू?"

"तू काही लिहू नकोस. तारखेची जागा कोरी ठेवून कागद मला पाठव."

तेहतीस तारखा मी बदलल्या. चौतिसाव्या ओळीला हात लावला नाही, आणि अंगठ्याच्या कागदावरच्या कोऱ्या जागेत माझ्या अक्षरात तीच एक जूनची तारीख लिहिली. वरील माहिती खरी आहे, या चौकटीत बरोबरची खूण केली आणि बटण दाबलं. सिस्टिम हिरवी झाली. ग्लासगोच्या पोरीने "थँक यू सो मच आंटी" लिहून पाठवलं. चौतीस मुलं एक जूनला जन्मली तर घोटाळा. एकटी मुलगी जन्मली तर कुणी ढुंकूनही बघत नाही.

दिवाळीनंतर ताईने शेडचा फोटो पाठवला. ती मुलगी भावाला मांडीवर घेऊन अंडं सोलत बसली आहे. मी तो फोटो बराच वेळ मोठा करून पाहत राहिले, आणि मास्तरांना मनातल्या मनात म्हटलं, चुकलं माझं.