जानकीचा सेंटमचा फोटो

जानकी परवा गेली, आणि शाळेने तिचे मार्क पोस्ट केले.

'आमची सेंटम विद्यार्थिनी.' भोवती फुलांची चौकट, मधे बारावीचा फोटो. मैलापूरला तिच्या गल्लीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचं पोस्टर लागलंय, त्यावरही तोच. फ्लेक्सवाल्याकडे फाइल तयार होती म्हणे.

सेंटम म्हणजे शंभरपैकी शंभर. चेन्नईत हा शब्द प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतात.

हे मराठीत लिहितेय, कारण शाळेच्या ग्रुपवर कुणाला वाचता येणार नाही. तिच्या अप्पांनाही नाही. घर तंजावरच्या मराठी माणसांचं. बोलतात मराठी, वाचतात तमिळ.

मला भांडायचं नाही. एक दुरुस्ती करायची आहे.

बाबांची कार कंपनीत बदली झाली म्हणून मी नववीत इथे आले. वर्गात मराठी बोलणारी ती एकटीच.

"तुझी मराठी बातम्या वाचल्यासारखी अहे गं." हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"आणि तुझी?"

"माझी तंजावरच्या राजाची अहे. तुझी मागाहून आली."

जानकीला चीनचा इतिहास आवडायचा. का, ते मी एकदाच विचारलं.

"तुला गणित का आवडतं, हे कुणी विचारतं का?"

परत विचारलं नाही.

एकदा चेन्नईजवळच्या कोवलमला समुद्रावर, होड्यांच्या मागे वाळूत तिला निळ्या फुलांच्या खापराचा तुकडा सापडला.

"चिनी अहे. जहाजातून आलेला. नक्की."

मी उलटून पाहिला. मागे कंपनीचा अर्धा शिक्का होता. "बाथरूमची टाइल आहे, जानकी."

"मिंग घराण्याची बाथरूम," ती म्हणाली, आणि तुकडा रुमालात बांधून घरी नेला.

दहावीनंतर इथे ग्रुप निवडायचा असतो. म्हणजे तुमचे मार्क तुमच्यासाठी तो निवडतात. वरचे मार्क फर्स्ट ग्रुपला: गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. इतिहासाचा ग्रुप शेवटी, ज्यांना दुसरं काही मिळालं नाही त्यांच्यासाठी.

जानकीने इतिहास मागितला. प्रिन्सिपल मॅडम हसल्या. "या मार्कांवर? लोक शाळेला काय म्हणतील?"

अप्पा शेजारीच बसले होते. घरी येऊन म्हणाले, "आत्ता फर्स्ट ग्रुप घे, कन्ना. बारावीला मॅथ्समध्ये सेंटम आण. मग कॉलेजला हवं ते शीक. मी आड येत नाही."

तिने ते खरं मानलं.

दोन वर्षं तिने गणित केलं. मी शेजारी बसायचे. उत्तर बरोबर आलं की मला आनंद व्हायचा. ती फक्त वही मिटायची.

सेंटम आला.

अप्पांनी गल्लीभर मैसूरपाक वाटला. संध्याकाळी तिने इतिहासाच्या कॉलेजचं नाव काढलं.

"सेंटम येऊन हिस्टरी? वेड लागलंय?"

"तुम्हीच म्हणाला होतात, अप्पा."

"तेव्हा मला काय माहीत, खरंच येईल!"

दुसऱ्या दिवशी शाळेने फ्लेक्ससाठी तिचा फोटो काढला. झूम करून पाहा. डोळे सुजलेत.

हाच तो फोटो. तुम्ही सगळे ज्याखाली हात जोडलेल्या इमोजी टाकताय.

आम्ही दोघी इंजिनिअरिंगला गेलो. मी माझ्या इच्छेने.

कॉलेजच्या बसमध्ये ती मला चीनच्या जुन्या परीक्षा सांगायची. राजाच्या नोकरीसाठी उमेदवारांना कोठडीएवढ्या खोल्यांत दिवसच्या दिवस बसवत. एक जण त्यात पुन्हा पुन्हा नापास झाला. पुढे त्याने असं बंड केलं की राज्य हादरलं.

"आणि जे पास झाले ते?"

"ते कुठलं बंड करणार? त्यांना नोकरी लागली."

आम्हालाही लागली. ती आयटीत, मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. शनिवार-रविवार ती चिनी शिकायची. मला वाटलं, तिचा छंद आहे.

छंद नव्हता. या वर्षी तिला दिल्लीत एमएला प्रवेश मिळाला. विषय चीनचा इतिहास. तिने राजीनामा दिला आणि मग घरी सांगितलं. अप्पांनी बोलणं बंद केलं.

आम्ही टी. नगरला स्वेटर घ्यायला गेलो. चेन्नईत स्वेटर मागितला की दुकानदार तुमच्याकडे नीट बघतो.

"ऊटी ट्रिपा, मॅडम?"

"नाही. कॉलेज," जानकी म्हणाली. इतकं खूश मी तिला सेंटमलाही पाहिलं नव्हतं.

मग ताप. मग डेंग्यू. पुढचं मला लिहायचं नाही.

काल घरी गेले. अप्पा दाराजवळ खुर्चीत बसले होते. येईल त्याला सांगत होते, मॅथ्समध्ये सेंटम होती. मलाही सांगितलं.

"तुला माहीतच अहे. सेंटम होती ती."

"हो, अप्पा."

मग त्यांनी विचारलं, "दिल्लीला थंडी फार असते का गं?"

हा प्रश्न त्यांनी तिला विचारायला हवा होता. ती शेजारच्या खोलीत असताना.

"असते," म्हटलं, आणि निघाले.

लोक म्हणतील, बाप आहे, आता कशाला. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि माफ करणं वेगळं.

या पोस्टसोबतचा फोटो मी काढलेला आहे. कोवलम. डोळे उन्हाने बारीक झालेत, रडून नाही. हातात टाइल आहे.

जानकी, तू चिनी अक्षरं शिकलीस, पण देवनागरी शेवटपर्यंत बोट ठेवून वाचायचीस. हे लांबलंय. सावकाश वाच.

तिचा स्वेटर माझ्याकडेच राहिला आहे. कुणाला देणार नाही.

दुरुस्ती एवढीच: जानकी, इतिहासाची विद्यार्थिनी.

येते गं.