गळ्यातलं बोंड

पांढरकवड्याच्या सोनोग्राफी सेंटरात रिपोर्ट देणारी सत्यभामा हसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, आणि रडल्याचंही नाही. नवऱ्याची तेरवी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती खिडकीत हजर. चौकातल्या रिकामटेकड्यांनी त्यावर महिनाभर चहा ढोसला. तिला काही वाटलं नाही. तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. एसटीचा कंडक्टर थांबे सांगतो तशी ती रिपोर्ट सांगायची.

डॉक्टर लिहायचे इंग्रजीत. ते माणसांच्या भाषेत सांगायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलेलं. थायरॉईडच्या गाठीसाठी तिनं युक्ती काढली होती. टेबलावर कापसाचं हिरवं बोंड ठेवायचं.

“हे पाहा. बाहेरून चांगलं दिसते. आत कापूस हाय का अळी, फोडल्याबिगर समजत नाही. गाठीचंही तसंच. यवतमाळले जाऊन सुईची तपासणी करा.”

पेशंट माना हलवून जायचे.

२०१७च्या दिवाळीत केळापूरची मैनाबाई आली. साठीची बाई सोनोग्राफीला गेली म्हटल्यावर अर्ध्या गावानं तिच्या पोटाकडे पाहिलं. तपासणी गळ्याची होती, हे कोणाला पटेना. सत्यभामानं तिलाही बोंड दाखवलं, यवतमाळची तारीख दिली.

पंधरा दिवसांनी यवतमाळच्या दवाखान्यातून फोन आला. तुमची मैनाबाई आलीच नाही. सेंटरातले डॉक्टर म्हणाले, “ती गाठ मला बरी वाटली नव्हती. उशीर नको.”

रविवारी सत्यभामा केळापूरला गेली. मैनाबाई अंगणात, उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी बसली होती.

“मावशी, काहून नाही गेल्या?”

“कायले जाऊ? तूच तं सांगतलं. औंदा वावरातलं बोंड न् बोंड फोडून पाह्यलं आम्ही. समद्यांत गुलाबी अळी. किडकं बोंड कोणी वाचवते का? उपटून टाकते.” शेजारणीच्या म्हशीबद्दल सांगावं तसं तिनं हे सांगितलं.

सत्यभामा खाली बसली.

“माह्यं चुकलं, मावशी. बहुतेक गाठी साध्याच निघतात. वाईट निघाली तरी कापून काढतेत, माणूस राहते.”

“मंग बोंड कायले दाखवलं?”

“दुसरं काही सुचलं नाही.”

“गळ्याची गाठ म्हटली असती तं समजली असती मी. येडी नाही.” मैनाबाईनं पदर सारखा केला. “आधीच गाव मले पोटुशी म्हणून राह्यलं. यवतमाळले गेली तं डोहाळजेवण ठेवतीन.”

“ठेवू द्या. मी येतो संगं. बुधवारी, पहिल्या गाडीनं.”

मैनाबाईनं ढिगातून घसरलेली एक पऱ्हाटी परत वर टाकली. मग म्हणाली, “हिरवं लुगडं नाही नेसत मी. सांगून ठेवतो.”

सोमवारी सत्यभामानं टेबलावरचं बोंड कचऱ्यात टाकलं. हंगाम सुरू झाल्यापासून बोंड दाखवलेल्या गळ्याच्या पेशंटांचे नंबर काढले आणि पहिला लावला. राळेगावची बाई होती.

“सुईची तपासणी केली का?”

“कायले? बोंड दाखवलं होतं न तुम्ही,” पलीकडून बाई म्हणाली. मागे कोंबड्या ओरडत होत्या. “बोंडाचं इसरा. बहुतेक गाठी साध्याच निघतात,” सत्यभामा म्हणाली.